बुर्गीनं वायरलेसवर काय सांगितलं

हिंटरआउच्या खिंडीत पन्नासची पाटी आहे. तिथून कुणी सत्तावनच्या वेगानं गाडी नेली, की वळणामागून जी पोलीसबाई हात करते ती नोटबुर्गा शाखनर. खोरं तिला बुर्गी म्हणतं. पावती घेता घेता टोमणा मारल्याशिवाय कुणाला राहवत नाही.

"तू स्वतः दोन फळ्यांवर एकशे तीसनं खाली यायचीस, तेव्हा कुठं गेला होता तुझा कायदा?"

"मला समोरून दुधाची गाडी येत नव्हती, काका," बुर्गी म्हणते आणि पुढच्या गाडीकडे वळते.

आता ती अडतीस वर्षांची आहे. अकरा वर्षं ती देशाच्या स्कीइंगच्या संघात होती. डाउनहिल आणि सुपर-जी या दोनच शर्यती ती उतरायची. या दोन्हींना आमच्याकडे नुसतं 'वेग' म्हणतात, आणि वेगवाले म्हटलं की जरा डोक्यानं कमी, असंही धरून चालतात. तिची सगळ्यांत चांगली कामगिरी म्हणजे एकदा आलेला पाचवा क्रमांक. पोस्टाशेजारच्या खानावळीत खोऱ्यातल्या नामवंतांचे फोटो लावलेत, त्यात बुर्गी नाही. तसंही आमच्या लोकांचं सांगू नये. पोरगी पहिली आली तर बँड वाजवतील, दुसरी आली तर कुठं चुकलं ते विचारतील, पाचवी आली तर तुमच्याशी हवामानावर बोलतील.

तिचे बाबा फाइट शाखनर डोंगरावर माणसं चढवणाऱ्या लिफ्टच्या कंपनीत बर्फ सपाट करायचं यंत्र चालवायचे. घरी आठ गाई. बुर्गी लहानपणापासून थोराड. काठ्यांच्या मधून नागमोडी जायच्या शर्यतीत तिचं काही खरं नसायचं, दहातल्या सहा काठ्या ती अंगावर घ्यायची. पण उतार संपून सपाटी लागली, की बाकीच्या पोरी मंदावायच्या आणि ही मंदावत नसे. फळ्या सपाट ठेवायच्या, त्यांना मोकळं सोडायचं, मधे लुडबुड करायची नाही, एवढंच ते काम. ऐकायला सोपं वाटतं. हजारात एखादीला जमतं. क्लबच्या म्हाताऱ्या शिक्षकानं तिच्या बाबांना सांगितलं होतं, "फाइट, तुझ्या पोरीचे पाय गप्प बसतात. हे शिकवता येत नाही."

मग खेळाची शाळा, वसतिगृह, एकोणिसाव्या वर्षी उजवा गुडघा गेला, चोविसाव्या वर्षी पुन्हा तोच गुडघा. मधे विसाव्या वर्षी संघात निवड आणि पोलीस खात्यात नाव. आमच्याकडे वेगवाल्यांचं पोट असंच चालतं. खेळात आहात तोवर सराव हीच ड्यूटी, संघातून नाव गेलं की गणवेश घालायचा. बुर्गीचा गणवेश कपाटात घडी न मोडता पडून होता आणि तो तसाच पडून राहावा अशी तिची इच्छा होती.

आता ती वायरलेसची गोष्ट. वेगाच्या शर्यतीत एकावेळी एकच जण उतरतो. आधी उतरलेल्याला जे कळतं ते वर उभ्या असलेल्याला ठाऊक नसतं. सकाळी सगळे मिळून पाहणी करतात, मार्गाच्या कडेकडेनं हळूहळू घसरत जातात, वाटेवर रोवलेल्या काठ्यांच्या जोड्यांतून, म्हणजे गेटांतून, कुठं वळायचं ते ठरवतात. पण पाहणी वेगळी आणि एकशे वीसच्या वेगानं जाणं वेगळं. म्हणून रीत अशी, की खाली पोहोचल्यावर छाती भात्यासारखी हलत असली तरी आधी वायरलेस हातात घ्यायचा आणि वर उभ्या असलेल्या आपल्या पोरींना सांगायचं. कुठं बर्फ गुळगुळीत आहे, कुठं धक्का बसतो, कुठं वारा आडवा येतो. वर उभी असलेली पोरगी तुमचीच जागा खाणार असली तरी सांगायचं. हा नियम कुठं लिहिलेला नाही. घरात पायरी ओली असली तर आपण मागून येणाऱ्याला सांगतो, तसंच हे.

थेक्ला संघात आली तेव्हा बुर्गी सव्वीसची होती, थेक्ला वीसची. शेजारच्या खोऱ्यातली, चणीनं बारीक, वळणात पाणी. तोंड अखंड चालू. दोघींना एकाच खोलीत टाकलं आणि चार वर्षं त्या एकाच खोलीत राहिल्या. दोघींच्या फळ्या घासायला, मेण चढवायला माणूसही एकच, लोइस. हा लोइस दिवसाला वीसेक शब्द बोलतो आणि त्यातले दहा मेणाबद्दल असतात.

"ए म्हातारे," थेक्ला सकाळी उशी फेकून मारायची, "ऊठ. तुझ्या गुडघ्याला उठायला माझ्यापेक्षा अर्धा तास जास्त लागतो."

"तुझ्या तोंडाला झोपायला दोन तास जास्त लागतात, त्याचं काय?"

बुर्गीनंच तिला शिकवलं की आंधळ्या कड्यावरून उडी पडते तिथं खाली बघायचं नाही. पलीकडचं काहीतरी लांबचं धरायचं, झाड, मनोरा, छप्पर, आणि नाक तिकडे करून सुटायचं. थेक्ला ते शिकली. सपाटीवर मात्र तिचे पाय कधी गप्प बसले नाहीत.

बुर्गी तीस वर्षांची असताना जागतिक स्पर्धा आपल्याच देशात आली, हिंटरआउपासून गाडीनं दोन तासांवर. बाबांनी बस ठरवली. चाळीस माणसं, गळ्यात बांधायच्या गाईंच्या घंटा, स्पेकचे, म्हणजे धुरावलेल्या मांसाचे, डबे, सगळं ठरलं. नाव यायचं तेवढं बाकी होतं. डाउनहिलला प्रत्येक देशाच्या चौघी उतरतात. तिघी पक्क्या होत्या. चौथी जागा बुर्गीची किंवा थेक्लाची.

बुधवारी संध्याकाळी सूप पितापिताच ट्रेनर क्रालनं सांगून टाकलं. "उद्याचा शेवटचा सराव. दोघींत जिची वेळ चांगली, ती रविवारी उतरेल. नंतर माझ्याकडे कुणी येऊ नका."

थेक्लानं बुर्गीच्या ताटलीतला क्नोडेलचा उकडलेला गोळा काट्यानं उचलला. "तुला उद्या हलकं राहायचंय, म्हातारे." बुर्गी हसली. पण दोन वर्षांनी पुढची स्पर्धा, तेव्हा आपण बत्तीस आणि हा गुडघा, हा हिशेब तिच्या डोक्यातून गेला नाही. तिच्यासाठी ही एकच होती.

गुरुवारी सकाळच्या पाहणीत सगळ्या गायकड्याशी थांबल्या. मार्गातली सगळ्यांत वाईट जागा तीच. कड्याच्या अलीकडून पलीकडचं काही दिसत नाही, नुसतं आभाळ आणि समोरच्या डोंगराचा उतार. त्या उतारावर गवताचं एक कोठार आहे आणि त्याच्या उजव्या बाजूला खानावळीचं धुराडं. क्रालनं काठीनं दाखवलं. "कोठाराचा डावा कोपरा. नाक तिकडे. बरोबर गेटच्या रेषेत पडाल." सगळ्यांनी माना हलवल्या.

बुर्गीचा उतरायचा नंबर चौदा होता, थेक्लाचा सव्वीस.

वरच्या दुसऱ्या वळणात बुर्गीला पापणी लवण्याइतका उशीर झाला आणि ती उजवीकडे फेकली गेली. गायकड्याशी आली तेव्हा कोपरा डावीकडे कुठंतरी राहिला होता आणि नाकासमोर धुराडं होतं. संपलं, असं तिला वाटलं. हवेत असताना तिनं गुडघ्याची काळजी केली. आणि मग ती पडली, पडली म्हणजे टेकली, इतकी अलगद की फळ्यांचा आवाजसुद्धा झाला नाही. कोपऱ्याच्या रेषेत बर्फाखाली एक उंचवटा होता, आदल्या दिवशी तिथंच तिला दात वाजण्याइतका दणका बसला होता. धुराड्याच्या रेषेत उतार नुसता पुढं पुढं निसटत होता. सगळा वेग हातात घेऊन ती सपाटीवर आली, आणि सपाटी तर तिचीच.

खाली वेळेच्या पाटीवर तिची वेळ चौथी लागली. कुणाला आश्चर्य वाटलं नाही. सपाटीवर बुर्गी मिळवतेच. कड्याखाली उभ्या असलेल्या क्रालच्या सहायकानं वायरलेसवर एवढंच कळवलं होतं की बुर्गी जरा उजवीकडे चुकली, पण वाचली.

संघाच्या मालिशवाल्या बाईनं तिच्या हातात वायरलेस दिला. वरून क्रालचा आवाज आला, "बोल."

"वर बर्फ कडक आहे, फळीची कड धरतो," बुर्गी म्हणाली. "दुसऱ्या वळणात लवकर शिरा, मला उशीर झाला. जंगलात अंधार आहे पण खाली काही नाही. शेवटच्या उडीला वारा समोरून."

"आणि गायकडा?"

बुर्गीनं दोनदा श्वास घेतला. दम लागलेला होताच.

"कोठाराचा कोपरा," ती म्हणाली. "ठरलंय तसंच."

"ऐकलं गं म्हातारे," वरून थेक्लाचा आवाज आला. "कोपरा."

बाकी प्रत्येक शब्द खरा होता. थेक्ला वरच्या वळणांत बुर्गीपेक्षा वेगानं आली, कोपरा धरून नाकाच्या रेषेत सुटली, उंचवट्यावर आदळली, हात हवेत गेले, आणि उरलेल्या सपाटीवर ती ते भरून काढू शकली नाही. सेकंदाच्या एकवीस शतांशांनी मागे पडली. बुर्गीनं वळून पाहिलं तेव्हा थेक्ला चष्मा न काढताच उभी होती. बुर्गीला स्वतःची लाज वाटली. आनंदही झाला होता, आणि दोन्ही एकाच वेळी झालं याची जास्त लाज वाटली.

रविवारी चाळीस माणसांनी घंटा वाजवल्या. कुंपणाशी सगळ्यांत मोठ्यानं थेक्ला ओरडत होती, राखीव खेळाडूचा कोट घालून. बुर्गीनं वरच्याच एका गेटला खांदा घासला आणि ती एकोणिसावी आली. बाबा म्हणाले, "धड उतरलीस ना? चल, सूप गार होतंय." परत जाताना बसमधले लोक हवामानावर बोलले.

खरी गंमत पुढं झाली, आणि ती कुणाला दिसली नाही. बुर्गीला वायरलेस ऐकू येईना. म्हणजे कानांना यायचा. आधी उतरलेली पोरगी सांगायची, तिसऱ्या वळणात बिनधास्त जा, आणि बुर्गीच्या मनात यायचं, ही काय गाळतेय? मग ती निम्मं ऐकायची, निम्मं स्वतःचं करायची. आडरस्त्याच्या चौकात गाडीवाला अर्धवट थांबतो, अर्धवट निघतो, तशी. वेगाच्या शर्यतीत अशा निम्म्यानं प्रत्येक वेळी दोन-तीन दशांश जातात. तो हंगाम असाच संपला. पुढच्या हंगामात तिचा उतरायचा नंबर चौतीस-पस्तीसपर्यंत घसरला आणि थेक्ला पहिल्या दहांत जाऊन बसली. क्राल म्हणाला, गुडघा. डॉक्टर म्हणाले, गुडघा नाही. लोइस काही म्हणाला नाही.

त्या वर्षीच्या मार्चमध्ये, शेजारच्या देशातल्या एका जुन्या डोंगरावर हंगामाच्या शेवटची डाउनहिल होती. आदल्या दिवशी क्रालनं तिला बाजूला घेतलं.

"पहिल्या पंधरांत आलीस तर पुढच्या वर्षी संघात आहेस. नाही आलीस तर मला एखादी लहान पोरगी घ्यावी लागेल. मला आवडत नाही हे सांगायला."

"मला तरी कुठं आवडतंय ऐकायला," बुर्गी म्हणाली.

थेक्लाचा नंबर नऊ. ती उतरली तेव्हा दुसरी होती. बुर्गीचा नंबर चौतीस, ती वर पायांना झटके देत उभी होती. एकवीस नंबर गेल्यावर क्राल तिच्याकडे आला. "थेक्ला खाली थांबलीय. तुझ्याशीच बोलायचंय म्हणते." त्यानं वायरलेस तिच्या हेल्मेटला लावला.

"बुर्गी, नीट ऐक." थेक्लाच्या आवाजात नेहमीची मस्ती नव्हती. "जंगलातून बाहेर पडताना मोठं उजवं वळण आहे ना, ते वरून वाटतं की या वेगात बसणार नाही, बाहेर फेकले जाऊ. वाटतंच. वेग मोडावासा वाटतो, सगळ्या मोडतायत. तू मोडू नकोस. बसतं. वाकलेली बैठक सोडू नकोस, उठू नकोस. पुढं सगळी सपाटी आहे, तिथं तुझ्यापुढं कोण टिकतंय."

"ऐकलं," बुर्गी म्हणाली.

मग बारा जणी जाईपर्यंत ती तिथं उभी राहिली आणि तिनं विचार केला, जो तिथं करू नये. खोटं सांगून थेक्लाला काय मिळणार? काही नाही. पण तिला गायकड्याचं कळलं असेल तर? आणि वळण बसलं नाही तर एकशे वीसनं कडेच्या जाळीत, या गुडघ्यासकट. पाच वर्षं तिनं या पोरीला ओळखलं होतं, तिच्या मोज्यांचा वास ओळखला होता, आणि आता तिच्या एका वाक्याचं काय करावं हे तिला कळत नव्हतं.

वरचा भाग तिला वर्षभरात जमला नव्हता असा जमला. जंगलात शिरली तेव्हा ती बाराव्या वेळेवर होती. जंगल संपलं, उजेड डोळ्यांवर आला, वळण दिसलं. बसणार नाही असंच दिसत होतं.

बुर्गी उठली. फार नाही, छाती हातभर वर आली, फळ्यांच्या कडांनी थोडा बर्फ उडवला. आणि वळणाच्या मध्यावर तिनं बाहेरची जाळी पाहिली. अजून तीन मीटर जागा शिल्लक होती. वळण बसत होतं. पुढच्या सगळ्या सपाटीभर तिचे पाय गप्प राहिले, पण नेण्यासारखा वेगच त्यांच्याजवळ नव्हता.

ती सतरावी आली. पंधराव्या क्रमांकापासून आठ शतांश.

थेक्ला शेवटच्या रेषेपलीकडे वाट पाहत होती. अजून ती तिसरी होती, कॅमेरेवाला तिच्या मागे होता, तिनं त्याला हातानं बाजूला केलं.

"का उठलीस? मी सांगितलं होतं ना, बसतं म्हणून?"

बुर्गीनं वाकून फळ्यांचे खटके काढले. वाकलेलीच म्हणाली, "मला वाटलं, तू खोटं सांगतेयस."

"मी? कशाला?"

"कारण मी सांगितलं होतं." आता ती सरळ उभी राहिली. "गेल्या वर्षी, गुरुवारी. मी कोपऱ्याकडे गेलेच नव्हते, थेक्ला. धुराड्याकडे गेले होते. तिथं उंचवटा लागत नव्हता. मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही."

थेक्लानं हातमोजे काढले, एकात एक घातले. तिचा चेहरा बदलला नाही.

"माहितेय," ती म्हणाली. "लोइसनं त्याच संध्याकाळी तुझ्या उतरण्याचं चित्रण दाखवलं मला. न्हाणीत नळ सोडून रडले मी, तुला ऐकू येऊ नये म्हणून."

"तेरा महिने माहीत होतं तुला?"

"होतं. खूप राग होता. अजून आहे, कमी झाला नाही."

"आणि तरी आज..."

"आज काय?" थेक्लाला खरंच प्रश्न कळला नव्हता. "बुर्गी, वळण बसत होतं. बसत होतं म्हणून बसतं म्हणून सांगितलं. वायरलेसवर आणखी काय सांगतात?"

 थेक्लाला मुलाखतीसाठी हाक आली आणि ती गेली. गळ्यात पडली नाही, पाठही फिरवली नाही, नुसती गेली. बुर्गीला त्या वेळी गुडघ्यापेक्षा कितीतरी जास्त ठिकाणी दुखलं.

मालिशवाली बाई वायरलेस घेऊन बाजूला ताटकळली होती. "वर आपली आफ्रा आहे," ती जरा अवघडून म्हणाली. "चव्वेचाळीस नंबर. क्राल विचारतोय, तिला काय सांगायचं."

आफ्रा एकोणीस वर्षांची. क्राल ज्या लहान पोरीबद्दल बोलला होता ती कोण, हे संघात सगळ्यांना ठाऊक होतं. बुर्गीलाही.

तिनं वायरलेस घेतला. "आफ्रा, बुर्गी बोलतेय. वर सगळं थेक्लानं सांगितलं तसंच आहे. जंगलाबाहेरचं वळण बसणार नाही असं दिसेल. बसतं, तीन मीटर जागा उरते. मी उठले आणि तिथंच माझी शर्यत गेली. तू उठू नकोस."

 वरून बारीक आवाजात आलं, "नक्की ना?"

"नक्की."

आफ्रा उठली नाही. ती तेरावी आली, आणि पुढच्या हंगामात संघातली बुर्गीची जागा तिला मिळाली.